'बानेल ए आदामा': दोन नावांमधला 'आणि'

रानजाई
परवा रात्री हा सिनेमा पाहिला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. घरात कुणी पाहिलेला नाही, ऑफिसात सांगायला गेले तर दोन वाक्यांत विषय बदलला. म्हणून इथे धागा काढतेय. पाहिला असेल तर बोला, नसेल तर जमेल तेव्हा पाहा आणि मग या.

सिनेमा सेनेगलचा, २०२३चा. दिग्दर्शिका रामाता-तुलाय सी. तिचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा आणि तो थेट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेला. त्या वर्षी स्पर्धेत पदार्पणाचा सिनेमा हा एकटाच होता. ती वाढली फ्रान्समध्ये, पण आईवडील मूळचे उत्तर सेनेगलमधल्या फुटा भागातले. सिनेमाही तिथलाच, तिथल्या पुलार भाषेतला. बानेल झालेली खादी मान आणि आदामा झालेला ममादू जालो, दोघंही व्यावसायिक नट नाहीत. बघताना हे एकदाही जाणवलं नाही.

गोष्ट अशी. रखरखीत माळावर एक लहानसं गाव. बानेल आणि आदामा नवराबायको आहेत आणि एकमेकांसाठी वेडे आहेत. बानेल आधी आदामाच्या थोरल्या भावाची, येरोची बायको होती. येरो गावाचा प्रमुख. तो विहिरीत पडून गेला आणि रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं वहिनीशी लग्न केलं. रीत तिथे थांबत नाही. प्रमुखपणही आता आदामाकडेच यायला हवं, कारण घराणं त्याचं. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर नाही म्हणतो. दोघांना गावाबाहेर राहायचंय. तिथे जुनी घरं वाळूखाली गाडली गेली आहेत, ती शापित आहेत असं लोक म्हणतात. ही दोघं जाऊन तिथली वाळू उपसत बसतात, एक घर मोकळं व्हावं म्हणून. आणि त्या वर्षी पाऊस येत नाही.

मला धरून ठेवलं ते बानेलच्या वहीनं. ती लिहीत असते: बानेल ए आदामा, बानेल ए आदामा. ओळीखाली ओळ, पान भरेपर्यंत. आपल्याला शाळेत शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावायचे तसं, फक्त ही आपणहून लिहिते. पुटपुटतेही तेच. पुलारमध्ये 'ए' म्हणजे 'आणि'. सुरुवातीला ऐकताना इतकं गोड वाटतं, की आपणही मनात म्हणायला लागतो. मग गुरं मरायला लागतात, मागोमाग माणसं. आदामा कबरी खणायला जातो आणि हिला राग येतो की तो वाळू उपसायला का आला नाही. हातात बेचकी घेऊन ती पाखरं टिपते, सरडे टिपते. आणि तेच दोन शब्द चालू. अंगावर काटा आला माझ्या.

मी तिची बाजू घ्यायला तयार होऊनच बसले होते. मुलीला ना चूल हवीय, ना मूल, तिला नवऱ्याबरोबर गुरं राखायला जायचंय. सासू मागे लागली आहे. यात कुणाची बाजू घ्यायची हा काय प्रश्न आहे? पण सिनेमा मला तिथे राहू देईना. ती मला अजूनही आवडते. गावही चुकलं असं वाटत नाही. या दोन्हींचं काय करू ते कळत नाहीये. शेवट सांगत नाही.

निळा_पारवा
पाहिलेला नाही, पण वाचून एक शंका. पाऊस न येण्याचा आणि आदामाच्या नकाराचा संबंध सिनेमा लावतो की गावकरी?

रानजाई
गावकरी लावतात. सिनेमा गप्प बसतो. आणि येरो विहिरीत पडला त्याबद्दलही सिनेमा जेवढं सांगायचं तेवढंच सांगतो. एक लहान मुलगा आहे, तो काही न बोलता बानेलकडे नुसता बघत राहतो, जणू सगळं नोंदवून ठेवतोय. तो दिसला की बानेलच्या आधी मीच नजर चुकवायचे.

माणदेशी
ताई, तुमचा धागा वाचून काल मुलाकडून लावून घेतला. भाषा कळत नव्हती आणि खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती, तरी अडलं नाही. जनावरं दिसली तिथे मी बंद करायला सांगितलं. पाच मिनिटांनी परत लावला.

बहात्तर साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्याकडे दावणीला पाच जनावरं. दुष्काळात जनावर उभं आहे तोवर आशा असते. एकदा बसलं की ते आपल्या बळावर उठत नाही. मग चार माणसं बोलवायची, पोटाखालून गोणपाट घालायचं, शेपटीशी एकजण आणि शिंगाशी एकजण, आणि उचलायचं. उठलं तर पाय थरथरत उभं राहतं. दुसऱ्या दिवशी परत बसतं. आमच्या वडिलांनी एका बैलाला सलग नऊ दिवस असं उठवलं. दहाव्या दिवशी शेजारी आले नाहीत, त्यांच्या दारात त्यांचं बसलं होतं.

म्हणून मला त्या मुलाचं, आदामाचं, जास्त लागलं. तिचं प्रेम खोटं नाही. पण दारात जनावर बसलेलं असताना कुणी म्हणालं चल घर बांधू, तर माणूस कसा जाईल? त्याचे पाय जात नव्हते, ते मला दिसत होतं. त्या पोराच्या तोंडावर माझे वडील दिसले.

सांजवात
माणदेशी काका, वाचून गलबललं.

मला वेगळ्या ठिकाणी टोचलं. भावाच्या विधवेशी दिराचं लग्न. लांबच्या देशातली विचित्र चाल म्हणून आपण हे बघू नये. उत्तरेत पंजाब-हरियाणात ते चालत आलं आहे आणि आपल्याकडेही कितीतरी समाजांत विधवेचा पाट लागायचा, कधी बाहेर, कधी घरातच दिराशी. माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचा असाच लागला. घरात तिला सगळे मोठी मावशी म्हणायचे. जमीन घरात राहते, पोरं घरात राहतात, बाई उघड्यावर पडत नाही. कारणं सगळी खरी. पण मावशीला विचारलं होतं का, याचं उत्तर आमच्या घरात कुणालाच येत नाही.

आता बानेलचं बघा. याच चालीनं तिला हवा तो माणूस मिळाला! येरो जिवंत असताना तिचं मन आदामावर होतं. रीत नसती तर तिला आदामा कधीच मिळाला नसता. म्हणजे ज्या रीतीशी ती भांडते, तिनंच तिची ओंजळ भरली आहे. तिला देणं हवंय आणि त्याबरोबर आलेलं ओझं नकोय. मी तिला दोष देत नाहीये. अठरा-एकोणीसच्या वयात ओझं कुणाला हवं असतं? पण रानजाई, तुला जो पेच वाटतोय ना, तो मला इथे सापडला.

रानजाई
सांजवात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी प्रेम एकीकडे आणि रीत दुसरीकडे अशी वाटणी करून बसले होते. परत बघावा लागणार.

कॅमेरावेडा
रंगांकडे कुणी लक्ष दिलं का? सुरुवातीला निळा, पिवळा, हिरवा, कपडे आणि आभाळ दोन्ही भरलेले. दुष्काळ वाढत जातो तसे रंग उडत जातात आणि शेवटी पडदा जवळजवळ पांढरा होतो. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. छायाचित्रण अमीन बेराडाचं. मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं असतं तर काय हवं होतं.

डाकारहून
मी सेनेगलमध्ये सहा वर्षं होतो. नदीकाठच्या भातशेतीसाठी भारतातून पंप आले होते, त्या कामावर. आता पुण्यात आहे, नाव मात्र तेच ठेवलंय. सिनेमा ज्या मुलखातला आहे तिथे माझं बरंच येणंजाणं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिथे लोक जमिनीचे दोन भाग मानतात. नदीचा पूर येऊन ओसरतो ती काळी, ओलीची जमीन म्हणजे वालो. पूर पोचत नाही, फक्त पावसावर अवलंबून, ती जेरी. जेरीत गुरं. पावसाळ्याचे जेमतेम तीन महिने, त्यात जे गवत येईल त्यावर उरलेलं वर्ष काढायचं. सिनेमातलं गाव जेरीच्या तोंडावरचं वाटतं. अशा ठिकाणी गावाचा प्रमुख म्हणजे मिरवायचं पद नसतं. कुणाची गुरं कुठल्या विहिरीवर कधी, कुणाच्या घरी आज धान्य नाही, मुलीचं लग्न मोडलंय ते कुणी जोडायचं, हे सगळं त्याच्या दारात येतं. एकोणीस वर्षांच्या मुलानं त्याला नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर दार लावणं.

एक गोष्ट सांगतो, ती मी रोज अनुभवली. पुलार बोलणारी दोन माणसं भेटली की नमस्कार-चमत्कार मिनिटभर तरी चालतो. तब्येत कशी, घरचे कसे, मुलं कशी, गुरं कशी, काम कसं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, 'जाम तान'. म्हणजे 'सुखरूप, बस'. आमच्या कामावर एक वयस्क पहारेकरी होते. एका सकाळी त्यांना मी नेहमीप्रमाणे विचारत गेलो आणि ते 'जाम तान, जाम तान' म्हणत राहिले. सगळं विचारून झालं, चहाचा पहिला पेला झाला, मग त्यांनी सांगितलं की रात्री त्यांचा भाऊ वारला. मला आधी वाटलं की ते लपवत होते. नंतर कळलं की आपलं दुःख समोरच्याच्या अंगावर एकदम टाकायचं नाही, त्याला बसू द्यायचं, पाणी पिऊ द्यायचं, अशी ती रीत आहे. पुलार बोलणारे हे फुलानी लोक आपल्या वागण्याच्या रीतीला पुलाकू म्हणतात, त्यात सोसणं आणि लाजेची चाड धरणं फार वर मानलं जातं. सोसण्याला त्यांचा शब्द आहे 'मुन्याल'.

आता बानेल आठवा. ती 'जाम तान' म्हणत नाही. मनात आलं ते तोंडावर, हवं ते हवंच. त्या गावाला ती अंगात वारं शिरल्यासारखी का दिसते, ते मला यामुळे कळलं. आपल्याला ती मोकळी मुलगी वाटते. तिथल्या बाईला ती उघडी जखम वाटेल.

निळा_पारवा
उघडी जखम! आता बघणारच.

वाटसरू
मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी पाहिला आहे आणि सुंदर आहे हे मान्य. पण कानला पोचणाऱ्या आफ्रिकी सिनेमांत मला पुन्हा पुन्हा तेच दिसतं: मातीची घरं, विधी, दुष्काळ, म्हाताऱ्यांची बैठक. डाकार हे केवढं मोठं शहर आहे. तिथली मुलंमुली प्रेमात पडत नाहीत का? पैसा बराचसा फ्रान्सचा, दिग्दर्शिका फ्रान्समध्ये वाढलेली, तिथल्याच चित्रपटशाळेत शिकलेली. मग गाव खरं कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय? सरकार, दवाखाना, टँकर, काहीच नाही. गाव काळाच्या बाहेर ठेवलंय. असं काळाबाहेर ठेवलेलं गाव बघायला युरोपातल्या प्रेक्षकाला आवडतं, अशी मला भीती वाटते.

डाकारहून
वाटसरू, राग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि डाकारमधले माझे मित्रही हे बोलतात. पण दोन गोष्टी. एक, दुष्काळ हे तिथे दिखाऊ साहित्य नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा आणि १९८३-८४चा, असे दोन मोठे दुष्काळ तिथल्या प्रत्येक घरानं बघितले आहेत. पन्नाशीच्या पुढच्या गुराख्याशी बोला, तो वर्षं आकड्यांनी सांगत नाही, कुठली गुरं गेली त्यावरून सांगतो. दुसरं, भाषा. पुलारमध्ये पूर्ण लांबीचा सिनेमा मोठ्या पडद्यावर, हे तिथल्या लोकांसाठी किती मोठं आहे ते आपल्याला मराठीत बसून कळणार नाही. सेनेगलमध्ये सगळीकडे वोलोफ चालते, कागदावर फ्रेंच. पुलार घरात.

वाटसरू
भाषेचा मुद्दा मान्य. गावाचा माझा आक्षेप अजून तसाच आहे, पण विचार करतो.

जुनंपान
उशिरा येतोय. फ्रेंच पैशाचं म्हणाल तर ते दुखणं पहिल्यापासूनचं आहे. सेनेगलचे दिग्दर्शक सेंबेन उस्मान यांचा १९६८चा 'मांदाबी' हा वोलोफमधला पहिला सिनेमा, डाकारमधल्या एका साध्या माणसाची मनीऑर्डर वटवण्याची वणवण. शहर आहे, कचेऱ्या आहेत, वाटसरूंना हवं ते सगळं आहे. त्यालाही फ्रान्सचा पैसा लागला होता आणि त्यापायी फ्रेंच भाषेतही चित्रण करावं लागलं होतं. लोक आज आठवतात ती वोलोफ आवृत्ती. तेव्हा पैसा कुणाचा यावरून सगळं ठरत नाही, एवढंच म्हणतो.

पण मी आलोय ते दुसऱ्याच सिनेमासाठी. हा धागा वाचताना मला सतत 'तिलाई' आठवत होता. बुर्किना फासो, १९९०, दिग्दर्शक इद्रिसा वेद्राओगो. मी तो फिल्म सोसायटीत पाहिला, बत्तीसेक वर्षं झाली. ८१ मिनिटांचा सिनेमा, मोसी लोकांच्या मोरे भाषेतला. 'तिलाई' म्हणजे कायदा, रीत. त्याला कानला ज्युरींचा मोठा पुरस्कार मिळाला.

पुढे सगळी गोष्ट सांगतोय, ज्यांना नको त्यांनी उडी मारा. सागा नावाचा तरुण दोन वर्षांनी गावी परततो. ज्या मुलीशी, नोग्माशी, त्याचं ठरलं होतं, तिच्याशी मधल्या काळात त्याच्या बापानं लग्न केलंय. ती आता नात्यानं त्याची आई. तो गावात पाऊल टाकत नाही, बाहेर झोपडी बांधून राहतो. ती त्याला भेटायला जाते. दोघं जवळ येतात, उघडकीला येतं, आणि रीतीप्रमाणे हे आईशी व्यभिचार केल्यासारखं आहे. शिक्षा मरण, आणि ते द्यायचं त्याच्या सख्ख्या भावानं, कुग्रीनं. कुग्री भावाला मारत नाही, पळवून लावतो, परत कधी येऊ नकोस म्हणतो, आणि गावात येऊन मारलं असं सांगतो. इकडे नोग्माचा बाप लाजेपायी गळफास घेतो. नोग्मा घर सोडते, सागाला गाठते, दोघं लांबच्या गावी आत्याकडे संसार मांडतात. बरे चाललेले असतात. आणि मग सागाची आई फार आजारी असल्याचं कळतं. आई म्हटल्यावर तो येतो. तो जिवंत दिसला की कुग्रीचं खोटं उघडं पडतं. शेवटी भाऊच बंदूक उचलतो.

सोसायटीत दिवे लागले तेव्हा कुणी उठलं नाही. मला आठवतं, माझ्या शेजारचे एक गृहस्थ चष्मा हातात धरून नुसते बसले होते. सबंध सिनेमात दुष्ट म्हणावा असा बापही पूर्ण वाटत नाही. सगळे आपापलं काम करत असल्यासारखे वागतात. आणि पार्श्वसंगीत दक्षिण आफ्रिकेच्या अब्दुल्ला इब्राहिम यांचं. कुठे रडारड नाही त्या संगीतात.

सांजवात
जुनंपान, म्हणजे 'बानेल'मध्ये रीत धाकट्याला वहिनी देते आणि 'तिलाई'मध्ये रीत बापाला मुलाची बायको देते. दोन्हीकडे बाई एका घरातून त्याच घरात.

जुनंपान
बरोबर. आणि आता जे सांगतो त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो होतो.

वेद्राओगो हे नुसतं आडनाव नाही. मोसी लोकांची मूळकथाच त्या नावाची आहे. येनेंगा नावाची राजकन्या, आजच्या उत्तर घानातल्या राजाची मुलगी. घोडेस्वार, लढवय्यी, बापाच्या सैन्यात सगळ्यांच्या पुढे. ती इतकी कामाची, की बाप तिचं लग्नच होऊ देईना. तिनं एक शेत पेरलं, पीक तरारून आलं, आणि ते तिनं काढलं नाही. उभ्या उभ्या वाळू दिलं. बापानं विचारलं हे काय, तर म्हणाली, तुम्ही माझं हेच करताय. तरी तो ऐकेना, उलट तिला कोंडून ठेवलं. ती घोड्यावरून पळाली. रानात तिला रियाले नावाचा शिकारी भेटला. त्यांना मुलगा झाला आणि ज्या घोड्यानं तिला तिथवर आणलं त्याच्यावरून मुलाचं नाव ठेवलं वेद्राओगो. म्हणजे घोडा. मोसी राजघराणी स्वतःला त्याचे वंशज मानतात.

बघा आता. ज्या समाजाची सुरुवातच बापाचं न ऐकता प्रेम करणाऱ्या मुलीपासून होते, त्याच समाजातली 'तिलाई'ची गोष्ट. बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूला, १९६९पासून फेस्पाको हा आफ्रिकेतला मोठा चित्रपट महोत्सव भरतो. त्याचा सर्वोच्च पुरस्कार म्हणजे 'येनेंगाचा घोडा'. १९९१ साली तो 'तिलाई'ला मिळाला, वेद्राओगो आडनावाच्या माणसाला. ते २०१८ साली गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी घरात एकटाच होतो आणि सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आज सांगतोय.

रानजाई
अंगावर शहारा आला. उभं पीक वाळू देणारी मुलगी! मला बानेलच्या वाळूतल्या घराशेजारी ते शेत दिसलं.

आणि वाटसरू, मला वाटतं तुमच्या प्रश्नाला यात थोडं उत्तर आहे. गाव म्हणजे युरोपासाठी मांडलेला देखावा असेलही कुठे कुठे. पण मुलीनं हवा तो माणूस मागणं आणि वडीलधाऱ्यांनी नाही म्हणणं, ही गोष्ट त्यांनी कुणाला दाखवायला रचलेली नाही. ती ते शतकानुशतकं स्वतःलाच सांगत आलेत.

वाटसरू
हे पटतं. माझा टँकरचा प्रश्न मात्र राहिला.

माणदेशी
टँकरचं मी बोलतो. बहात्तरला आमच्याकडे कामं निघाली. खडी फोडायची, पाझर तलाव, रस्ते. माझी आई खडीवर होती. लाल मिलो मिळायचा, मुलांना सुकडी. मिलो घशाखाली उतरत नव्हता पण त्यानंच जगलो.

निळा_पारवा
काका, याच्यावर अभ्यास झालेला आहे. अर्थतज्ज्ञ जाँ द्रेझ यांनी १९७२-७३चा महाराष्ट्र आणि त्याच वेळचा साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, सेनेगलचा उत्तर भाग त्यातच येतो, यांची तुलना केली आहे. माणशी धान्य आपल्याकडे साहेलच्या देशांपेक्षाही कमी पिकलं होतं. तरी तिकडे माणसं भुकेनं मेली आणि इकडे तसं झालं नाही, कारण कामावर मजुरी मिळत होती. ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक त्या कामांवर होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७चा कायदा आला. म्हणजे तुमची आई खडी फोडत होती तेव्हा बानेलच्या मुलखात तोच दुष्काळ चालू होता.

माणदेशी
हे माहीत नव्हतं. तोच दुष्काळ म्हणजे जवळच की.

पण मग त्या पोरीवर मी जरा जास्तच बोललो. आमच्या आईला हातोडी तरी दिली होती कुणीतरी. हिच्या गावात हिला कुणी काय दिलं? म्हाताऱ्यांनी प्रार्थना दिली, सासूनं टोमणे दिले. हिच्याजवळ एक आदामाच होता. तो धरून बसली.

डाकारहून
माणदेशी काका, तुमच्या या शेवटच्या ओळीसाठी पहिलंच लिहिलेलं थोडं बदलतो. मी म्हटलं होतं की आदामानं सगळ्यांच्या तोंडावर दार लावलं. पण दार लावायला आधी दार हवं. त्या दोघांना तेच बांधायचं होतं.

कॅमेरावेडा
रानजाई, दुसऱ्यांदा पाहिलास का?

रानजाई
काल पाहिला. या वेळी मी बानेलऐवजी आदामाकडे बघत होते. तो फार कमी बोलतो. सुरुवातीला बानेल बोलते आणि तो तिच्याकडे बघत ऐकतो. पुढे पुढे ती तेवढीच बोलते आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, गुरांकडे जाते. तो तिला सोडून जात नाही. तो फक्त दोन ठिकाणी बघायला लागतो. तिच्या 'ए'मध्ये फक्त दोन माणसं बसतात, आणि आदामाला तेवढ्यात मावता येत नाही. मला दोघांबद्दलही सारखंच वाईट वाटलं. पहिल्या वेळी फक्त तिच्याबद्दल वाटलं होतं.

सांजवात
मी आईबरोबर पाहिला. आई ७४ वर्षांची. मी थांबवून थांबवून सांगत होते. वहीचा प्रसंग आला तशी ती पुढे वाकली, म्हणाली, "ही नवऱ्याचं नाव लिहितेय का गं?" मी हो म्हटलं. म्हणाली, "सारखं?" हो म्हटलं, सारखं.

मग थोड्या वेळानं आपणहून मोठ्या मावशीबद्दल बोलायला लागली. पूर्वी बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नसे, घ्यायचं ते उखाण्यात. आईच्या लहानपणी वाड्यात हळदीकुंकू व्हायचं, बायका ओळीनं नाव घ्यायच्या. मावशीची पाळी जवळ आली की ती उठायची. पाणी बघते म्हणायची, माठापाशी जायची, आणि पाळी पुढे सरकली की ओल्या हातानं परत येऊन बसायची. कुणी तिला कधी थांबवलं नाही आणि कुणी कधी आग्रह केला नाही. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला वाटायचं मावशीला उखाणा येत नाही, म्हणून एकदा तिनं स्वतः एक जुळवून मावशीला शिकवायला नेला. मावशीनं तो पूर्ण ऐकला. मग विचारलं, "यात नाव कुठलं घालू?"

आईला तेव्हा कळलं नव्हतं. काल सांगताना मध्येच थांबली आणि सिनेमा पुढे चालू कर म्हणाली.

रविवारी आम्ही दोघी 'तिलाई' बघणार आहोत. जुनंपान, शेवटी भाऊच बंदूक उचलतो हे आईला आधी सांगून ठेवू का?

जुनंपान
सांगून ठेवा. आणि बघून झाल्यावर त्या काय म्हणाल्या ते इथे लिहा.